सभासदांच्या सह्यांचे मागणीपत्र : त्याने काय साधते आणि काय साधत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावालगत शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांनी मिळून उभारलेल्या गृहनिर्माण सहकारी संस्थेचा ६४ भूखंडांचा लेआउट आहे. व्यवस्थापक समितीने तेथील खुल्या जागेचा एक कोपरा मोबाइल टॉवरसाठी भाड्याने देण्याचा करार केला. त्यावर नाराज झालेल्या ४१ सभासदांनी दिवाळीनंतर सह्यांचे पत्र तयार केले आणि त्यात तीन मागण्या केल्या : टॉवरचा करार रद्द समजावा, समिती बरखास्त समजावी आणि पत्रात नावे दिलेल्या पाच जणांच्या हाती कारभार सोपवावा. सचिवांनी पत्र घेण्यास नकार दिला. अध्यक्षांचे म्हणणे असे की, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत या विषयाला मंजुरी मिळालेली आहे. स्पष्ट बहुमत आमचे असताना समिती ते धुडकावून लावू शकते काय, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

या ४१ सह्यांनी आपल्याला एक गोष्ट हक्काने मिळते, ती म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा. पत्रातील तीनही मागण्या मात्र त्या सह्यांनी मान्य झाल्या असे होत नाही, आणि ६४ पैकी ६४ जणांनी सह्या केल्या असत्या तरीही झाले नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ ने संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण मंडळाला दिला आहे, परंतु तो उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नोंदलेल्या नियमांप्रमाणे, बोलावलेल्या सभेत वापरायचा आहे. सभेला नोटीस असते, कोरम म्हणजे किमान हजेरीची अट असते, दुसऱ्या बाजूला बोलण्याची संधी असते आणि झालेल्या निर्णयाचे इतिवृत्त असते. घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्यांच्या मागे यांपैकी काहीच नसते. ज्या २३ जणांनी सही केली नाही, त्यांना आपले म्हणणे सर्वांसमोर मांडण्याचा तितकाच हक्क आहे, आणि त्यांचे ऐकल्यावर सही केलेल्या काहींचे मतही बदलू शकते.

हा भेद आपल्या भागात नवा नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदीच असल्याने तेथे तो प्रसंग येत नाही, पण शेजारच्या यवतमाळ-अमरावतीकडील गावांतील महिलांना तो चांगला ठाऊक आहे. दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि मतदान घेतले जाते. दुकान मात्र त्या निवेदनाने बंद होत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी प्रत्यक्ष येऊन आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मत दिले तरच ते बंद होते. गृहनिर्माण संस्थेतही सह्यांचे काम मतदानाच्या दारापर्यंत नेण्याचे आहे.

पुढे जाण्यापूर्वी आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावर पाहावे. आपल्या भागात ‘सोसायटी’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक समिती सहकारी संस्था असतेच असे नाही. काही लेआउटच्या समित्या १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असून त्यांना धर्मादाय कार्यालय लागू पडते, तर काहींची नोंदणीच नसते. नोंदणी क्रमांकात ‘एचएसजी’ ही अक्षरे असतील तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था समजावी. प्रश्नातील वर्णनावरून आपली संस्था याच प्रकारची दिसते, म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने त्या कायद्याला धरून केले आहे. २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी या अधिनियमात तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण घातले गेले आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातील कलमे पाहताना तेवढे भान ठेवावे.

विशेष सभेची तरतूद कलम ७६ मध्ये आहे. एकूण सभासदांच्या एक-पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्यासाठी याहून कमी संख्या दिलेली असेल तर तेवढ्या सभासदांनी, लेखी मागणी केली की एक महिन्याच्या आत सभा बोलावणे बंधनकारक होते. ६४ चा एक-पंचमांश १२.८ येतो, म्हणजे १३ सभासद पुरेसे आहेत. आपण ४१ जणांच्या सह्या जमवल्या याचे मोल नाही असे नव्हे, परंतु कायद्याच्या दृष्टीने चौदावी सही आणि एक्केचाळिसावी सही यांत फरक नाही. जास्तीच्या सह्यांचा उपयोग इतकाच की त्यांतील काही बाद ठरल्या तरी मागणी टिकून राहते. हा उपयोग लहान समजू नये, कारण सह्या बाद ठरण्याची कारणे आपल्याकडे भरपूर असतात.

लेखापरीक्षणाच्या निमित्ताने अशा मागण्यांचे कागद माझ्या पाहण्यात नेहमी येतात आणि त्यांचे रूप बहुधा एकच असते. पहिल्या पानावर टाइप केलेला मजकूर असतो आणि त्याला शाळेच्या वहीची रेघांची चार पाने टाचणीने जोडलेली असतात. त्या पानांवर वर काहीही लिहिलेले नसते, खाली फक्त अनुक्रमांक, नाव आणि सही असते. कोणाचे पूर्ण नाव, तर कोणाचे ‘राऊत सर’ एवढेच. एकाच शाईने आणि एकाच वळणाने केलेल्या, नवरा-बायको अशा जोडीच्या सह्या असतात. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाच्या नावासमोर वडिलांनी ‘करिता’ लिहून सही केलेली असते. असा कागद सभासदांच्या भावना दाखवतो, पण समितीने मनावर घेतले तर तो पंधरा मिनिटांत मोडीत काढता येतो, कारण जोडलेल्या पानांवरील सह्या नेमक्या कोणत्या मजकुराखाली दिल्या हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणीचा विषय पुन्हा छापावा आणि प्रत्येक सहीसमोर पूर्ण नाव, भूखंड क्रमांक, भाग प्रमाणपत्राचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक व सहीची तारीख असावी. जोडपानावर ज्या दिवशी सही झाली तीच तारीख घालावी, सोयीसाठी सगळीकडे एकच तारीख टाकू नये.

याहून मोठी अडचण सभासदत्वाची असते. मागणी करणारी व्यक्ती संस्थेच्या ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवहीत सभासद म्हणून नोंदलेली असावी लागते. आपल्याकडील लेआउटमध्ये मूळ शिक्षक सभासदाने भूखंड वीस वर्षांपूर्वी विकलेला असतो, घेणाऱ्याच्या नावे नोंदणीकृत खरेदीखत असते, आखीव पत्रिकेला किंवा सातबाऱ्याला त्याचे नाव लागलेले असते, तो घर बांधून राहत असतो आणि वर्गणीही भरत असतो, पण भाग हस्तांतरणाचा अर्ज त्याने कधीच केलेला नसतो. गावाच्या दृष्टीने तो मालक आहे, संस्थेच्या दप्तरी मात्र सभासद अजूनही मूळ शिक्षकच असतो. मयत सभासदांच्या बाबतीतही तसेच घडते. नामनिर्देशन केलेल्या व्यक्तीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरते सभासदत्व देण्याची सोय कायद्यात आहे, परंतु त्यासाठीही अर्ज आणि समितीचा ठराव लागतो. मुलगा घरात राहतो एवढ्यावरून त्याची सही वडिलांच्या जागी धरली जात नाही. भाडेकरूंच्या सह्या तर धरल्याच जात नाहीत. संयुक्त नावाच्या भूखंडाचे मतही एकच असते. म्हणून आपल्या ४१ सह्या आधी सभासद यादीशी ताडून पाहाव्यात. कठोर कसोटी लावूनही त्या तेरापेक्षा बऱ्याच अधिक उरतील असे वाटते, पण खात्री करून घेतलेली बरी.

सह्या झाल्यावर काही जण मागे फिरतात, हेही ओघाने सांगितले पाहिजे. छोट्या गावात अध्यक्ष हे कोणाचे मुख्याध्यापक असतात, कोणाचे व्याही असतात, तर कोणाच्या पतसंस्थेचे संचालक असतात. आठवडाभरात ‘माझी सही गैरसमजातून झाली’ अशी पत्रे सचिवांच्या फाइलला लागतात. त्यावर चिडून उपयोग नाही आणि कोणाला गाठून जाब विचारणे तर मुळीच योग्य नाही. गरजेपेक्षा दुप्पट पक्क्या सह्या घेऊन मागणीपत्र दिले की अशा चार-दोन माघारींनी काही बिघडत नाही.

आता समिती बरखास्त करण्याच्या मागणीकडे येऊ. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आढळतो. निवडून आलेल्या समितीची मुदत पाच वर्षांची असते. त्या मुदतीत सभासदांनी सह्या करून किंवा विशेष सभेत बहुमताने ठराव करून संपूर्ण समितीला घरी पाठवावे, असा परत बोलावण्याचा हक्क या अधिनियमात नाही. अविश्वास ठरावाची तरतूद कलम ७३-१ड मध्ये आहे, परंतु तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा पदाधिकाऱ्यांविरुद्ध आणि समितीच्या सदस्यांनीच आणायचा असतो. समितीच्या किमान एक-तृतीयांश सदस्यांनी निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, लेखी मागणी करावी लागते, निबंधकांनी बोलावलेल्या समितीच्या खास बैठकीत तो मांडला जातो आणि मतदानाचा हक्क असलेल्या एकूण समिती सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांनी पाठिंबा दिला तरच तो संमत होतो. अकरा जणांची समिती पूर्ण भरलेली असेल तर मागणीसाठी चार आणि मंजुरीसाठी आठ सदस्य लागतील. समितीतील आठ जण आपल्या बाजूचे नसतील, तर बाहेर कितीही सह्या असोत, हा मार्ग बंद आहे. आणि तो यशस्वी झाला तरी केवळ पद जाते, समितीचे सदस्यत्व राहते.

समितीला किंवा तिच्या एखाद्या सदस्याला दूर करण्याचा अधिकार कलम ७८अ नुसार निबंधकांना आहे. त्यासाठी कर्तव्यात कसूर, संस्थेच्या हिताला बाधक वर्तन अशी कारणे पुराव्यासह दाखवावी लागतात, नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे ऐकून घ्यावे लागते. ‘बहुसंख्य सभासदांचा विश्वास उरलेला नाही’ हे त्यासाठी स्वतंत्र कारण होत नाही. समिती सदस्य अपात्र ठरणे, किंवा इतक्या सदस्यांनी राजीनामे देणे की समितीचा कोरमच होऊ नये, हे आणखी दोन प्रसंग आहेत. दुसऱ्या प्रसंगी कलम ७७अ खाली प्राधिकृत व्यक्ती किंवा प्रशासक नेमला जाऊ शकतो, पण तोही आपल्या पत्रातील पाच नावांपैकी असेलच असे नाही. पत्रात नावे देऊन कारभार सोपवण्याची मागणी तर पूर्णपणे कायद्याबाहेरची आहे. समितीवर यायचे असेल तर निवडणुकीने किंवा रिक्त जागेवर नियमाप्रमाणे यावे लागते. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक नियमांच्या चौकटीत स्वतःच घेण्याची मुभा आता आहे, त्यामुळे पुढची निवडणूक कधी येते हे पाहून आतापासून इच्छुक तयार करणे हा कमी नाट्यमय पण खात्रीचा मार्ग आहे. माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत दुबळा भाग हाच आहे, आणि त्यामुळे टॉवरविषयीची मूळची योग्य तक्रारही सत्तेच्या भांडणासारखी दिसू लागली आहे.

टॉवरच्या प्रश्नात तीन वेगवेगळे अडसर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला अडसर उपविधींचा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेने संमत केलेला ठराव रद्द करण्याचा ठराव मूळ ठरावापासून सहा महिने उलटल्याशिवाय मांडता येत नाही. अध्यक्ष म्हणतात त्याप्रमाणे सप्टेंबरमध्ये खरोखर ठराव झाला असेल, तर मार्च उलटेपर्यंत तो रद्द करण्याचा विषय विशेष सभेपुढे आणता येणार नाही, आणि समितीने तो विषय वगळला तर तिची चूक म्हणता येणार नाही. परंतु ठराव खरोखर झाला काय आणि कसा झाला, हे आधी पाहावे. वार्षिक सभेच्या नोटिशीत टॉवरचा विषय छापलेला होता, की ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीखाली तो उरकला गेला? जागा दीर्घ मुदतीने परक्याला देण्यासारखा विषय रीतसर नोटिशीशिवाय ऐनवेळी घेणे गंभीर आक्षेपाचे आहे. तसे झाले असेल तर तो ठराव रद्द करण्याची मागणी करण्याऐवजी त्याच्या वैधतेलाच आव्हान देता येते. सर्वसाधारण सभेचे कामकाज आणि संस्थेचे व्यवस्थापन यांविषयीचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. एकटा सभासदही हा वाद दाखल करू शकतो आणि अंतरिम मनाईही मागू शकतो. पाया खणायला सुरुवात झालेली असेल तर सभेची वाट पाहत बसण्यापेक्षा वकिलाला गाठणे शहाणपणाचे आहे.

दुसरा अडसर कराराचा आहे. सभेने उद्या एकमताने ठराव केला की करार रद्द, तरी कंपनी त्या ठरावाने बांधली जात नाही. करार तिने संस्थेशी केलेला आहे. त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग करारातील मुदत, नोटीस आणि भरपाईच्या अटी पाहूनच ठरतील. समितीला करार करण्याचा अधिकारच नव्हता अशी भूमिका घेता येईल, पण ती सिद्ध करावी लागेल, आणि कंपनी ही त्रयस्थ असल्यामुळे तिच्याविरुद्धचा वाद सहकार न्यायालयाच्या कक्षेत बसतोच असेही नाही. त्यामुळे सभेपुढील विषय ‘करार रद्द करणे’ असा ठेवण्यापेक्षा ‘करारातून मुक्त होण्यासाठी कायदेशीर कार्यवाही करण्याचे निर्देश समितीला देणे’ असा ठेवावा. समिती असे निर्देश टाळू लागली तर पुढे निबंधकांपुढे दाखवायला ठोस आधार राहतो.

तिसरा अडसर समितीचा नाही आणि सभासदांचाही नाही, तो जागेचा आहे. मंजूर लेआउटमध्ये जी जागा खुली म्हणून दाखवलेली असते तिचा वापर बदलण्याचा अधिकार संस्थेच्या सभेला नसतो. तेथे टॉवर बसतो की नाही हे नियोजन प्राधिकरण मंजूर नकाशा आणि विकास नियंत्रण नियमावली पाहून ठरवते. येथे सह्यांची संख्या पूर्णपणे गैरलागू ठरते. एका सभासदाने नगरपंचायतीकडे किंवा नगररचना कार्यालयाकडे मंजूर नकाशाची प्रत जोडून तक्रार केली तरी तिची दखल घ्यावी लागते, आणि परवानगी दिली गेली आहे काय हे माहितीच्या अधिकारात त्या कार्यालयाकडे विचारता येते. संस्थेकडे मात्र माहितीच्या अधिकाराचा अर्ज सहसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सहकारी संस्था या कायद्याखाली सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत असा निर्णय दिला आहे. संस्थेचे दप्तर पाहण्याचा सभासदाचा हक्क सहकार कायद्यातच आहे, आणि इतिवृत्त, करारनामा व लेखापरीक्षण अहवाल यांच्या प्रती फी भरून मागता येतात. सह्यांचे पत्र देण्यापूर्वी हा अर्ज केला असता तर अध्यक्षांचे ‘मंजुरी मिळाली आहे’ हे विधान खरे की खोटे, हे आतापर्यंत कळले असते.

सभा झाली तरी काम संपत नाही, खरे तर तेथूनच सह्यांची परीक्षा सुरू होते. आदर्श उपविधींप्रमाणे कोरम एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो कमी असेल तो असतो. आपल्या संस्थेत तो २० होईल. कोरम न झाल्यास सभा तहकूब होते की आणखी काही, हे आपल्या उपविधीत आधी वाचून ठेवावे. साध्या विषयावर हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते. म्हणजे ४१ पैकी १५ जण आले आणि समितीच्या बाजूचे १८ जण आले, तर ठराव १८ विरुद्ध १५ असा फेटाळला जाईल आणि तो निर्णय पूर्णपणे वैध असेल. सही केलेल्या पण न आलेल्या २६ जणांचे मत कागदावरून मोजले जाणार नाही. आपल्याऐवजी दुसऱ्याला मुखत्यारपत्र देऊन मतदानाला पाठवणेही चालत नाही. सहसभासदाला मूळ सभासदाच्या लेखी संमतीने जेवढी मुभा आहे तेवढीच. ज्यांचे वास्तव्य नागपूर-पुण्याला आहे, त्यांनी त्या दिवशी यायचेच आहे, हे सही घेतानाच सांगितले पाहिजे.

सभेचा दिवस ठरवणे समितीच्या हाती असते आणि तेथे खोडसाळपणाला वाव असतो. विशेष सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची नोटीस पुरेशी असते. कापसाची वेचणी ऐन भरात असताना, किंवा शाळेच्या परीक्षेच्या दिवशी भर दुपारी सभा ठेवली तर अर्धे सभासद वावरात आणि अर्धे वर्गात असतात. मागणीपत्रातच ‘रविवारी किंवा सुटीच्या दिवशी सकाळी सभा घ्यावी’ अशी विनंती लिहून ठेवावी. ती समितीवर बंधनकारक नाही, पण नंतर तक्रार करायची वेळ आली तर समितीचा हेतू त्यावरून दिसतो. विशेष सभेत नोटिशीत असलेल्या विषयांखेरीज दुसरा कोणताही विषय घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. टॉवरच्या सभेत कोणी उठून वर्गणीवाढीचा किंवा बोअरवेलच्या मोटारीचा हिशेब काढला, तर त्यावर बोलणे होईल, ठराव होणार नाही.

काही निर्णयांना साधे बहुमतही पुरत नाही, तेही येथेच सांगतो, कारण मागणीपत्रांत अशा गोष्टी सहज घातल्या जातात. उपविधी बदलायचा तर हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि निबंधकांनी ती दुरुस्ती नोंदवल्याशिवाय ती अमलात येत नाही. एखाद्या सभासदाला काढून टाकायचे तर तीन-चतुर्थांश बहुमत, त्याला म्हणणे मांडण्याची संधी आणि निबंधकांची मान्यता लागते.

सचिवांनी पत्र घेतले नाही, यावर आपण काय केले हे प्रश्नात आलेले नाही. अनेक ठिकाणी लोक अशा वेळी तेच पत्र घेऊन तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकारी कचेरीत निवेदन देतात, फोटो काढतात आणि बातमी छापून आणतात. त्याने कलम ७६ ची एक महिन्याची मुदत सुरू होत नाही. मागणी संस्थेकडे पोहोचल्याचा पुरावा हवा. हातात घेत नसतील तर संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर सचिवांच्या नावे स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावे आणि प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना द्यावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आले तर ते न फोडता जपून ठेवावे. महिनाभरात सभा बोलावली नाही, तर निबंधक स्वतः किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती सभा बोलावू शकते, आणि ती समितीनेच रीतसर बोलावलेली सभा समजली जाते. तिचा खर्च संस्थेच्या निधीतून किंवा कसूर करणाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेशही निबंधक देऊ शकतात. पुरेसे कारण नसताना सभा न बोलावणाऱ्या समिती सदस्याला काही मुदतीसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार याच कलमात आहे. सचिवांना ही शेवटची ओळ कोणी समजावून सांगितली तर पत्र घेण्यास नकार बहुधा राहत नाही. सचिवांचेही हित यात आहे. त्यांनी पत्र घ्यावे, पोच द्यावी, नोंदवहीशी सह्या ताडाव्यात, काही उणीव असेल तर लेखी कळवावी आणि समितीच्या बैठकीपुढे ठेवावे. पत्र घेणे म्हणजे त्यातील मागण्या मान्य करणे नव्हे.

पैशाविषयी संशय असेल तर त्यासाठी वेगळा मार्ग आहे. टॉवरच्या भाड्याची अनामत कोठे जमा झाली, करार करताना कोणाला काय मिळाले, असे प्रश्न विशेष सभेत आरडाओरडीत विरतात. कलम ८३ प्रमाणे एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावरून निबंधक संस्थेच्या कामकाजाची व आर्थिक स्थितीची चौकशी लावू शकतात. संख्या तीच असली तरी अर्ज वेगळा करावा लागतो, सभेच्या मागणीपत्राची झेरॉक्स जोडून चालत नाही. चौकशीच्या खर्चापोटी अर्जदारांकडून अनामत मागितली जाऊ शकते, आणि आरोप खोटे किंवा त्रास देण्याच्या हेतूने केलेले आढळले तर खर्च अर्जदारांवर पडू शकतो. म्हणून आधी लेखापरीक्षण अहवाल आणि कलम ८२ खालील ‘ओ’ नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल मागून घ्यावा. लेखापरीक्षकाने काढलेला दोष आणि त्यावर समितीने लिहिलेले ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ हे ठरावीक उत्तर शेजारी ठेवले की चौकशी मागावी की नाही, हे बरेचसे स्पष्ट होते.

तालुक्याच्या गावांतही आता तीन-चार मजली अपार्टमेंट उभे राहत आहेत आणि विदर्भात त्यांतील बरेच महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र करून होतात. त्यांना वरील विवेचन जसेच्या तसे लागू नाही. तेथील नमुना उपविधींत विशेष सभा मागण्यासाठी एक-पंचमांश नव्हे, तर बहुसंख्य मालकांच्या सह्या लागतात, आणि मताचे वजन एक सदनिका एक मत असे नसून घोषणापत्रात दिलेल्या टक्केवारीप्रमाणे असते. तळमजल्यावरील मोठ्या दुकानगाळ्यांचा मालक एकटाच तीन कुटुंबांइतका भारी ठरू शकतो. दुसरीकडे, तेथे रीतसर बोलावलेल्या सभेत मालकांना बहुमताने व्यवस्थापक मंडळातील सदस्यांना दूर करता येते, जे सहकारी संस्थेत करता येत नाही. शेजारच्या अपार्टमेंटवाल्यांनी समिती बदलली म्हणून आपल्यालाही बदलता येईल, हा समज बहुधा येथूनच निर्माण होतो.

आपल्या प्रकरणात जुने पत्र बाजूला ठेवून नवे करावे असे मी सुचवेन. त्यात विषय दोनच असावेत. पहिला : खुल्या जागेवरील टॉवरसंबंधीचा करारनामा, सप्टेंबरच्या सभेची नोटीस व इतिवृत्त, मिळालेल्या रकमेचा तपशील आणि मंजूर लेआउटचा नकाशा समितीने सभेपुढे ठेवणे. दुसरा : नियोजन प्राधिकरणाची लेखी परवानगी सभेपुढे येईपर्यंत जागेवर कोणतेही काम होऊ नये यासाठी समितीने कायदेशीर कार्यवाही करणे. या दोन्ही विषयांत मूळ ठराव रद्द करण्याची मागणी नाही, त्यामुळे सहा महिन्यांची अट दाखवून ते सहजासहजी वगळता येणार नाहीत, आणि समितीतील जे दोन-तीन सदस्य मनातून आपल्या बाजूचे आहेत त्यांनाही हात वर करणे सोपे जाईल. बरखास्ती आणि पाच नावे काढून टाकावीत. ज्यांचे भाग अजून नावावर झालेले नाहीत, त्यांच्याकडून सहीऐवजी याच आठवड्यात हस्तांतरणाचा अर्ज आणि फी भरून पोच घ्यावी, म्हणजे पुढील निवडणुकीच्या मतदार यादीत तरी त्यांची नावे येण्याची वाट मोकळी होईल.